चोवीस लंगोट

डॉक्टरीणबाईंनी बाळाचे डोळे उघडून पाहिले, छातीवर बोट दाबून कातडीचा रंग पाहिला आणि मग एकदम खाली वाकून त्याला हुंगलं. आधी टाळूपाशी, मग पोटाशी, मग कमरेला बांधलेल्या लंगोटापाशी. शेजारी उभ्या असलेल्या आधणआजीला आधी रागच आला. तीस वर्षं प्रसूतिगृहाची धुण्याची खोली सांभाळलेल्या बाईच्या हातच्या लंगोटाला कुणी नाक लावून पाहावं, हा तिला सरळसरळ अपमान वाटला.

“आजी, हे कपडे कुठे ठेवले होते?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“ट्रंकेत,” आधणआजी म्हणाली. “तीन पाण्यांतून खंगाळून, उकळून, कडक उन्हात वाळवून. आणि कसर लागू नये म्हणून घडीघडीत डांबरगोळी घालून.”

एवढं सांगून ती शाबासकीची वाट पाहत उभी राहिली. खोटं कशाला सांगा, तिचा चेहरा अगदी तसाच होता.

डॉक्टरीणबाईंनी भराभर लंगोट सोडला, दुपटं ओढून काढलं, टोपडं काढलं, सगळं एका पिशवीत कोंबलं आणि पिशवीला गाठ मारून नर्सच्या हातात दिली. “हे वॉर्डाच्या बाहेर. आत्ता. बाळाचं अंग पुसून घ्या आणि इथलं कापड गुंडाळा.” नर्स पिशवी अंगापासून लांब धरून निघून गेली. सहा दिवसांचं ते पोर, तिचा नातू, निळ्या दिव्याखाली उघडंवाघडं पडलं होतं, हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं, आणि रडायचं सोडून नुसतं निपचित. आधणआजीचे लंगोट आजवर कुणी असे बाहेर काढले नव्हते.

आधणआजी हे काही तिचं नाव नव्हे. प्रसूतिगृहाच्या तळघरातल्या त्या खोलीत दोन भली मोठी पातेली दिवसभर रटरटत असायची. कुणी कधीही डोकावलं तरी ही बाई लाकडी काठीने लंगोट खालीवर करत उभी, म्हणून आधी आधणबाई, मग आधणमावशी आणि केस पिकल्यावर आधणआजी. खोलीत एका भिंतीला तीन नळ, मधे गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा, आणि खिडकीची एक काच मुद्दाम काढून टाकलेली, वाफ बाहेर जावी म्हणून. गच्चीवर वाळत घालायच्या अकरा दोऱ्या. बाराव्या दोरीला जागा होती, पण तिथे शेजारच्या इमारतीची सावली पडायची, आणि सावलीत वाळलेला लंगोट ती लंगोट मानत नसे.

घरी जायला निघालेल्या प्रत्येक नव्या आईला नर्स आधी खाली पाठवायच्या, शिकवणीला. आधणआजी काठी बाजूला ठेवून कट्ट्यावर बसायची आणि सुरू व्हायची. “शी आधी गार पाण्यात काढायची. आधीच गरम पाणी टाकलंत की डाग कापडात घर करून बसला, मग त्याला हुसकायला पोलीस बोलवा. साबण बेताचा. जास्त साबण निघत नाही, आणि ते तुम्हाला कळत नाही, बाळाच्या ढुंगणाला कळतं. कपडे मऊ करायची ती सुगंधी बाटली घरात आणायची नाही. लंगोट रेशमासारखा होतो आणि मग शू शोषतच नाही, सगळी तुमच्या मांडीवर. शेवटचं पाणी बोटांत चोळून पाहायचं. बुळबुळलं, की पुन्हा खंगाळायचं. इतकं करून पिवळेपणा राहिलाच तर लंगोट ओला असतानाच उन्हात टाका. बाकीचं ऊन बघून घेतं.” बायका हसायच्या, पण घरी जाऊन तसंच करायच्या. एकदा मोठ्या डॉक्टरांनी कौतुकाने कुठल्याशा वासाच्या पावडरीचं खोकं खाली पाठवलं, तर हिने त्या पावडरीने आठवडाभर जिना धुतला. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “जिना काय छान निघालाय बघा.”

लोकांना वाटायचं, बाईला कामाची हौस आहे. हौस कसली आलीये. एकोणचाळीस वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा आठव्या दिवशी गेला होता, असाच पिवळा होऊन.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आईकडून आणलेल्या दोन जुन्या मऊ चादरी फाडून तिने चोवीस लंगोट शिवले होते. कडेला टाके इतके बारीक की बाळाला बोचू नयेत. धुतले, उकळले, वाळवले. बाळ यायला दोन महिने होते आणि घरात कसरीचा सुळसुळाट, म्हणून नवऱ्याने येताना डांबरगोळ्यांची पुडी आणली. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. केसासारख्या स्प्रिंगा चिमट्याने उचलायची सवय, तर त्याने जमिनीवर मांडी घालून, एकेका लंगोटाची घडी अलगद उघडून, आत एकेक गोळी ठेवली. ट्रंकेचं झाकण लावताना म्हणाला, “आता कसरीची काय बिशाद आहे.” दोघं हसले होते. त्या सुखाच्या दुपारची तिला पुढे इतकी भीती वाटायला लागली की ती आठवण आली की ती उठून कामाला लागायची.

बाळ आलं. ट्रंक उघडली आणि लंगोट थेट त्याच्या कमरेला बांधले. धुतलेलं ते काय धुवायचं? तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, पाचव्या दिवशी तळपाय. गावातल्या डॉक्टरने जन्मल्यावर होतंच असं म्हणून घरी पाठवलं. आठव्या दिवशी सकाळी बाळ दूध ओढेना, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. भेटायला आलेल्या बायकांसमोर, दारात उभं राहून सासूबाई म्हणाल्या, “हिला धड लंगोट धुता येत नाहीत. त्या घाणीनेच गेला पोरगा.”

हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, एवढंच. पण बोलणं असं चिकट की निघता निघेना. जाऊबाईंना पुढच्या वर्षी मूल झालं तर त्या हिच्या हातात देईनात. “राहू दे गं, नुकताच झोपलाय,” म्हणायच्या, आणि तो टक्क जागा असायचा. नवरा? नवरा कधी एका शब्दाने बोलला नाही. तिला दोष दिला नाही, पण आईलाही गप्प बसवलं नाही. टेबलावर वाकून, डोळ्याला भिंग लावून बसून राहिला. माणूस वाईट नव्हता, पण त्या घरात बोलायची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, आणि ते ती कधी विसरली नाही.

तिला फार काही नको होतं. तुझी काही चूक नव्हती, एवढं एक वाक्य कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते कुणी म्हणालं नाही, तेव्हा तिने पुढच्याच वर्षी प्रसूतिगृहात धुण्याचं काम धरलं. घाणीने पोर गेलं ना, मग आता एकाही पोराला घाण लागू देणार नाही, अशी खूणगाठ बांधून. ट्रंक माळ्यावर गेली. सहा वर्षांनी मुलगी झाली ती प्रसूतिगृहाच्या दोरीवरून उतरवलेल्या ताज्या लंगोटांत वाढली. सासूबाई गेल्या, जाऊबाई दूर राहायला गेल्या. सगळे पांगले, पण त्या एका वाक्याची वाट पाहणं काही थांबलं नाही. मुलीला एक भाऊ होऊन गेला होता, हे घरात कुणी तिला सांगितलंसुद्धा नाही.

आता त्याच मुलीला दिवस राहिले तेव्हा आधणआजीच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. माळ्यावरून ट्रंक उतरली, घासून लख्ख झाली. जुन्या चादरी निघाल्या, पुन्हा चोवीस लंगोट शिवले. मुलगी म्हणाली, “आई, हल्ली तयार मिळतात गं. वापरायचे आणि टाकायचे.” आधणआजीने तिच्याकडे असं पाहिलं की मुलीने तो विषय पुन्हा काढला नाही. लंगोट दोनदा उकळले, दोन कडक उन्हं दाखवली आणि ट्रंकेत रचले. नवऱ्याने एकोणचाळीस वर्षांपूर्वी केलं होतं तस्सं, पण या वेळी स्वतःच्या हाताने, प्रत्येक घडीत एक गोळी घातली.

बाळ घरी आलं त्या दिवशी मुलगी नाक मुरडून म्हणाली, “आई, या लंगोटांना वास येतोय. एकदा पाण्यातून काढूया का?”

“धुतलेलं काय धुवायचं? हा स्वच्छपणाचा वास आहे,” आधणआजी म्हणाली होती.

आता वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसून तिला स्वतःचं हेच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. एका बाजूला मुलगी, भिंतीला डोकं टेकून, डोळे सुजलेले. जावई परगावी होता आणि निघाला होता. दुसऱ्या बाजूला नवरा, मांडीवर थर्मास धरून. दुपारचे तीन वाजत आले होते. डॉक्टरीणबाई हातात कागद घेऊन बाहेर आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. डॉक्टर खाली बसून बोलायला लागला की आधणआजीला भीती वाटायची. प्रसूतिगृहात ती हे पाहत आली होती.

“बाळाच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतायत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्याच्या रक्तात जन्मापासून एक उणीव आहे. आईकडून मुलाला येते, आईला काही त्रास नसतो, म्हणून कुणाला पत्ता नसतो. एरवी अशी मुलं धडधाकट असतात. पण काही गोष्टी त्यांना अजिबात चालत नाहीत, आणि त्यातली एक डांबरगोळी. तिचा अंश कापडात मुरतो. श्वासातून जातो, कातडीतून जातो. याच्या तर तो दिवसरात्र कमरेला बांधलेला होता.”

मुलीने आईकडे पाहिलं. रागाने नव्हे; तिला काही समजतच नव्हतं. आधणआजीला वाटलं, यापेक्षा रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“वाचेल ना?” तिने विचारलं.

“रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं घालायचं, असं करत. तयारी चाललीये. आज संध्याकाळपर्यंत काही सांगता यायचं नाही.” मग त्यांनी कागदावर पेन टेकवलं. “घरात याआधी कुठलं बाळ असं पिवळं झालं होतं का?”

“नाही,” मुलगी म्हणाली.

“हो,” आधणआजी म्हणाली.

मुलगी वळली. “कोण?”

“तुझा भाऊ. तुझ्या आधीचा. आठ दिवसांचा होता.”

तेहतीस वर्षं मुलगी एकुलती एक होती, आणि इथे या बाकावर, एका दमात, तिला भाऊ मिळाला आणि गेलाही. डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, “त्याचे कपडे कुठे ठेवलेले होते, आठवतंय?”

आठवायचं काय त्यात. ती ट्रंक, ते झाकण, घडीघडीतल्या त्या पांढऱ्या गोळ्या, सगळं एकदम आधणआजीच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ती बसलेलीच होती, तरी तिला वाटलं आपण खाली कोसळतोय.

“त्याच ट्रंकेत,” ती म्हणाली. “तशाच गोळ्या घालून.”

“इतक्या वर्षांनी खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण बहुतेक तेच.”

“म्हणजे धुण्यात काही राहिलं होतं, असं नाही?”

“धुण्याचा काय संबंध, आजी?”

डॉक्टरीणबाईंनी हे अगदी सहज विचारलं, कुणी पत्ता चुकला तर विचारतो तसं, आणि त्या उठून आत गेल्या. आधणआजी त्या बंद दाराकडे पाहत राहिली. धुण्याचा काय संबंध. एकोणचाळीस वर्षं. तीस वर्षांचं आधण, अकरा दोऱ्या, हजारो लंगोट, सोलून निघालेली बोटं, आणि धुण्याचा संबंधच नव्हता. घाण नव्हतीच कधी. तिचे हात तेव्हाही स्वच्छ होते. सासूबाईंना उठवून हे सांगावं, जाऊबाईंच्या दारात जाऊन सांगावं, असं तिच्या मनात उसळून आलं, आणि त्याच क्षणी आत निळ्या दिव्याखाली पडलेलं पोर आठवलं. ज्या गोळ्यांमुळे ती घाणीच्या आरोपातून सुटली होती, त्याच गोळ्या या वेळी तिने स्वतःच्या हाताने घातल्या होत्या. तिला रडूही येईना. नवऱ्याकडे पाहायचं तिने टाळलं. तो थर्मासच्या झाकणाकडे टक लावून बसला होता.

रक्त बदललं. संध्याकाळी बाळाने पहिल्यांदा टाहो फोडला तेव्हा बाहेर तिघंही उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कागदावरचे आकडे उतरले, तिसऱ्या दिवशी आणखी उतरले. मुलगी तेव्हा आईजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “तो दिसायला कसा होता, सांग ना.” आधणआजीने सांगितलं. डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली होती, एवढं तिने पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी, बाळ दुसऱ्या दिवशी घरी येणार म्हणून, तिने दुकानातून कोरं कापड आणलं, चोवीस तुकडे केले आणि मोरीत बसून धुवायला काढले. ट्रंक नवऱ्याने आदल्या दिवशीच भंगारात देऊन टाकली होती, कुणाला न विचारता. तो आता मोरीच्या दारात पाट टाकून बसला.

“अगं, एक विचारू?”

“विचारा.”

“पहिल्या वेळेला... त्या गोळ्या मी तर आणल्या नव्हत्या ना?”

तिचे हात पाण्यातच थांबले. तिने मान वर करून पाहिलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. चार दिवस हा माणूस बहुतेक झोपलाच नव्हता. ज्या बोटांनी केसाएवढी स्प्रिंग कधी निसटू दिली नाही, ती पाटाची कड नुसती खरवडत होती.

“मला आठवतच नाहीये,” तो म्हणाला. “किती ताण दिला तरी आठवत नाही. पण कुठेतरी असं वाटतं की मीच...”

सांगायला तिला एक शब्द पुरे होता. हो, तुम्हीच. आणि तुमच्या आईने दारात उभं राहून माझं नाव घेतलं तेव्हा तुम्ही भिंग लावून बसला होतात. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिचे हात मोकळे झाले होते, आणि ते मोकळे ठेवायचा तिला पुरेपूर हक्क होता. ते सगळं तिच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

“छे हो,” ती म्हणाली. “मीच आणल्या होत्या.”

“नक्की?”

“माझी ट्रंक, माझे लंगोट. तुम्हाला हात लावू देणार होते होय मी?”

त्याने श्वास सोडला. खांदे खाली आले. पुढे वाकून त्याने तिचा साबणाने माखलेला हात धरला. असा हात त्याने कधी धरला होता, ते तिला आठवेना.

“मग माझं ऐक,” तो म्हणाला. “तुझी काही चूक नव्हती. तुला तरी कुठे ठाऊक होतं? हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही गं.”

आधणआजी थक्क होऊन त्याच्याकडे पाहत राहिली. तेच वाक्य, अगदी शब्दन् शब्द. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आज समोर आलं, आणि आलं ते जी चूक तिची नव्हतीच तिची माफी म्हणून. हसावं की रडावं ते तिचं तिलाच कळेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात रिकामा नव्हता.

“सरका जरा,” ती शेवटी म्हणाली. “अंगावर पाणी उडेल.”

तो सरकला, पण उठला नाही. तिने लंगोट पिळला, शेवटचं पाणी बोटांत चोळून पाहिलं, आणि बुळबुळत नव्हतं तरी आणखी एकदा खंगाळायला घेतलं.